मधुमेही मांजराचे पोट सांभाळताना

गेल्या एप्रिलमधील एक सकाळ आमच्या घरात अजून कोणी विसरलेले नाही. आमचा सोन्या, अकरा वर्षांचा पिवळा बोका, दोन दिवस शौचाला गेलेला नव्हता. ट्रेमध्ये जाऊन तो कुंथत बसे आणि तसाच परत येई. वडिलांसाठी आणलेला इसबगोलाचा डबा स्वयंपाकघरात होताच. आईने त्यातला चमचाभर भुसा सोन्याच्या अन्नात कालवला. त्याने वाटीचा वास घेतला, तोंड फिरवले आणि तो पलंगाखाली जाऊन बसला. घड्याळात आठ वाजत होते. आठ ही त्याच्या इन्सुलिनची वेळ. खाईल थोड्या वेळाने, असे म्हणून मी नेहमीची मात्रा टोचली.

साडेअकराच्या सुमारास तो भिंतीचा आधार घेत, झोकांड्या खात बाहेर आला. डोळे विस्फारलेले होते आणि मान थरथरत होती. त्याच्या हिरड्यांना मध चोळला, टोपलीत घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी कानाच्या कडेचा रक्ताचा थेंब तपासला. साखर ३८ होती. शिरेतून ग्लुकोज देता देता त्यांनी एकच प्रश्न विचारला, "इंजेक्शन देण्याआधी हा जेवला होता का?"

सोन्या वाचला. मात्र त्या प्रश्नाने आमची चूक उघडी केली. मधुमेह आणि मलावरोध ही आम्ही दोन स्वतंत्र दुखणी समजत होतो. एकासाठी इंजेक्शन, दुसऱ्यासाठी भुसा, असा आमचा साधा हिशेब होता. प्रत्यक्षात मधुमेही मांजराचे अन्न, आतडे आणि इन्सुलिन ही तिन्ही एकाच दोरीने बांधलेली असतात. एक टोक ओढले की उरलेली दोन्ही हलतात. पोटासाठी कोणतीही पूड, गोळी किंवा काढा देण्यापूर्वी ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते.

मांसाहारी प्राण्याचा मधुमेह

मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर त्याच्या लाळेत नसते आणि स्वादुपिंडातूनही ते बेताचेच स्रवते. गोड चव ओळखण्यासाठी आवश्यक असलेले एक जनुक मांजरांत निकामी असल्याचे संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. म्हणजे गोड पदार्थाचा मोह मांजराला होत नाही. पोटात गेलेली साखर मात्र आपले काम करतेच.

मांजरांना होणारा मधुमेह बहुतांशी माणसांच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. स्थूलपणा, घरातल्या घरात बैठे आयुष्य, उतारवय आणि दीर्घकाळ दिलेली स्टेरॉइड औषधे ही त्याची प्रमुख कारणे. नसबंदी झालेल्या बोक्यांत तो अधिक आढळतो. सतत पाणी पिणे, ट्रे वारंवार ओला होणे आणि भरपूर खाऊनही वजन उतरणे ही ओळखीची लक्षणे. काही मांजरे मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागतात. वाढलेल्या साखरेने मज्जातंतूंना झालेल्या इजेची ती खूण असते. यात दिलासा देणारी गोष्ट अशी की, इन्सुलिन आणि कमी पिष्टाचा आहार वेळेवर सुरू झाला तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटूही शकते.

साखर वाढली की पोट का बिघडते?

रक्तातील साखर साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅमच्या पलीकडे गेली की मांजराच्या मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही. साखर लघवीतून बाहेर पडते आणि जाताना आपल्याबरोबर पाणीही नेते. शरीर ही तूट जेथून भरून काढता येईल तेथून भरून काढते आणि मोठे आतडे मलातले पाणी शोषून घेते. मल कोरडा आणि खडा होतो. त्यात उन्हाळा, म्हातारपणी दुखणारे सांधे आणि कमकुवत मूत्रपिंडे यांची भर पडली की मलावरोध ठरलेला. सोन्याच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. त्याच्या मलावरोधाचे मूळ आतड्यात नव्हते, आटोक्याबाहेर गेलेल्या साखरेत होते.

उलट्यांची गोष्ट अधिक गंभीर. स्वादुपिंड दोन कामे करते: इन्सुलिन बनवते आणि पाचक विकरेही बनवते. त्यामुळे मधुमेही मांजरांत स्वादुपिंडाचा दाह वारंवार आढळतो. माणसाप्रमाणे ते पोट धरून विव्हळत नाही. ते गप्प होते, कोपऱ्यात बसते आणि अन्नावरची वासना गमावते. उलटी होईलच असेही नाही. या दाहाने इन्सुलिनची गरज एकाएकी वाढू शकते आणि खाणे थांबल्यामुळे इन्सुलिन देणेही धोक्याचे होते. अशा पेचात घरगुती उपचारांना जागा नसते.

जुलाबांची कारणे आणखी निराळी. अन्नातील अचानक बदल, दूध, जंत, आतड्याचा जुना दाह किंवा पाचक विकरांची कमतरता यांपैकी काहीही असू शकते. आतड्याच्या जुन्या दाहावर अनेकदा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड दिले जाते आणि ते रक्तशर्करा वाढवते. म्हणून नव्या डॉक्टरांकडे जाताना "याला मधुमेह आहे" हे वाक्य सर्वप्रथम उच्चारावे. मधुमेहाची काही नवी औषधेही पोटाशी संबंध ठेवून आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन ही तोंडाने देण्याची औषधे मांजरांसाठी मान्य झाली. ती मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. त्यांनी मल सैल होऊ शकतो. शिवाय या औषधांवर असताना मांजराने खाणे सोडले तर रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ले साचू शकतात. ही औषधे कोणत्या मांजराला चालतील हे तपासणीवाचून ठरवता येत नाही.

आधी ताट, मग औषध

आपल्याकडे मांजर म्हटले की दूध-पोळी किंवा दूध-भात हा परिपाठ. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील लॅक्टोज पचत नाही आणि भात-पोळीतील पिष्ट साखर वाढवते. मधुमेही मांजराला हे दोन्ही वर्ज्य समजावे. प्रथिने भरपूर आणि पिष्ट कमी असलेले ओले अन्न त्याला सर्वांत मानवते. त्यातून पाणीही आपोआप पोटात जाते, म्हणजे मलावरोधावरचा पहिला उपायही त्याच वाटीत असतो. कोरड्या दाण्यांत पिष्टाचे प्रमाण बहुधा जास्त असते आणि पाणी नसल्यातच जमा. घरी नुसती शिजवलेली कोंबडी किंवा मासळी दिली तर टॉरिन, कॅल्शियम यांसारख्या घटकांची उणीव राहते; घरचे अन्न कायम द्यायचे असेल तर ते पशुवैद्यांकडून आखून घ्यावे.

येथे एक सावधगिरी हवी. इन्सुलिनवर असलेल्या मांजराचा आहार एका दिवसात बदलू नये. पिष्ट कमी झाले की इन्सुलिनची गरजही कमी होते. जुनीच मात्रा चालू राहिली तर साखर धोकादायक खाली जाते. सात ते दहा दिवसांत जुन्यात थोडे थोडे नवे मिसळत जावे आणि त्या काळात साखर अधिक वेळा मोजून मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. असा सावकाश बदल आतड्यांनाही मानवतो.

कोणते पूरक, कशासाठी?

इसबगोल: हा भुसा पाणी धरून ठेवतो, म्हणून सौम्य मलावरोधात आणि काही प्रकारच्या जुलाबांतही उपयोगी पडतो. मात्र तो साधा, बिनसाखरेचा आणि बिनवासाचा असावा. संत्र्याच्या स्वादाच्या पुड्यांत साखर किंवा कृत्रिम गोडी असते. आरंभ पाव चमच्याने करावा, तो पाण्यात भिजवून फुगू द्यावा आणि मग ओल्या अन्नात मिसळावा. पाणी कमी पडले तर हाच भुसा आतड्यात घट्ट बसतो. शरीरातील पाणी आटलेले असताना आणि मल आधीच अडकलेला असताना तंतूंचा मारा केल्याने कोंडी वाढते. आमच्या चमचाभर कोरड्या भुशात या साऱ्या चुका एकत्र आल्या होत्या.

लाल भोपळा: मीठ-मसाल्याविना वाफवलेला भोपळा निरुपद्रवी म्हणून प्रसिद्ध आहे. चमचाभर भोपळ्यात तंतू थोडेच असतात आणि पिष्टही असते. चव म्हणून अर्धा चमचा ठीक. त्यावर उपचाराची भिस्त ठेवू नये.

मल मऊ करणारी औषधे: पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड आतड्यात पाणी राखते, रक्तात जवळजवळ शोषली जात नाही आणि साखरही वाढवत नाही, म्हणून मधुमेही मांजरासाठी डॉक्टर अनेकदा तिची निवड करतात. माणसांसाठीच्या पुड्यांत क्षार आणि स्वाद मिसळलेले असू शकतात, तेव्हा कोणती पूड आणावयाची हे विचारून घ्यावे. लॅक्ट्युलोजचा गोड पाक शर्करेपासून बनतो. तो देण्याची वेळ आलीच तर रक्तशर्करेवर लक्ष ठेवावे लागते.

प्रोबायोटिक: हितकर जिवाणूंचा तात्पुरत्या जुलाबांत काही उपयोग होतो, मांजरांत एंटरोकॉकस फीशियमच्या एका वाणाचा अभ्यासही झाला आहे. मधुमेहावर तो उपाय नव्हे. माणसांच्या पुड्यांवरील घटकांची यादी वाचून साखर नसल्याची खात्री करावी.

ब-१२ जीवनसत्त्व: हे पूरक मात्र खऱ्या गरजेचे ठरू शकते. ब-१२ आतड्यात शोषले जाण्यासाठी एक साहाय्यक प्रथिन लागते. माणसात ते जठरात तयार होते, मांजरात ते स्वादुपिंडात बनते. म्हणूनच स्वादुपिंड किंवा लहान आतडे दीर्घकाळ बिघडलेले असेल तर मांजरात ब-१२ ची तूट पडते. भूक मंदावते, वजन उतरते आणि जुलाब औषधांना दाद देत नाहीत. रक्ततपासणीत तूट दिसली तर आठवड्याला एकदा २५० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, असे सहा आठवडे, ही एक प्रचलित पद्धत आहे. तोंडानेही ते देता येते. पाचक विकरे कमी पडत असल्याचे निदान झाले तर अन्नात विकरांची पूडही मिसळावी लागते.

कारले, मेथी, जांभळाच्या बियांची पूड, क्रोमियम: यांनी मांजराचा मधुमेह आटोक्यात येतो याला भरवशाचा आधार नाही. धोका मात्र उघड आहे. कडू पूड कालवलेले अन्न मांजर नाकारते आणि न खाल्लेले अन्न व टोचलेले इन्सुलिन यांची गाठ पडते.

यावरून आमच्या डॉक्टरांनी घालून दिलेला नियम प्रत्येक घराने पाळावा असा आहे. इंजेक्शनच्या वेळच्या जेवणात कोणतीही नवी वस्तू मिसळू नये. ते जेवण नेहमीच्या आवडीचे आणि निखळ असावे. नवे पूरक दुपारच्या लहानशा घासात, वेगळ्या वाटीत देऊन पाहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि निदान आठवडाभर त्याचा परिणाम पाहावा.

औषधांच्या कपाटातले धोके

ज्या घरात माणसालाही मधुमेह आहे तेथे ही काळजी दुप्पट लागते. पायांच्या मुंग्यांसाठी वडीलधाऱ्यांना मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये ब-१२ बरोबर अनेकदा अल्फा लिपोइक आम्ल असते. "मांजराचेही पाय लटपटतात, हे ब-१२ चेच तर आहे," असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण अल्फा लिपोइक आम्ल मांजरांना इतर प्राण्यांपेक्षा कितीतरी अधिक विषारी ठरते आणि त्यांच्या यकृताला इजा करते. अशी कॅप्सूल मांजराला कदापि देऊ नये. मांजराच्या पायांत पुन्हा बळ येते ते मुख्यतः साखर आटोक्यात आल्यावर.

सोडियम फॉस्फेटचा एनिमा माणसांसाठी औषधाच्या दुकानात सहज मिळतो. मांजराच्या रक्तातील क्षारांचा तोल तो असा बिघडवतो की जीव जाऊ शकतो. एरंडेल पाजू नये. पातळ पॅराफिन बळेबळे पाजल्यास ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते. आजारी मांजराला भूक लागावी म्हणून रस्सा किंवा सूप देताना त्यात कांदा-लसूण नाही याची खात्री करावी. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि मधुमेही मांजराच्या पेशी त्या इजेला आधीच अधिक बळी पडत असतात.

आणखी एक धोका सिरिंजचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या ४० आणि १०० अशा दोन तीव्रतांच्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजचे टोपण बहुधा लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० तीव्रतेचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने एका रेघेपर्यंत ओढले तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. ज्या प्राण्याची सुरुवातीची मात्रा बहुधा एक युनिटच्या आसपास असते, त्याच्यासाठी ही चूक जिवावरची आहे. आमच्या फ्रिजमध्ये आता वडिलांचे इन्सुलिन वरच्या कप्प्यात आणि सोन्याचे खालच्या डब्यात असते. डब्यावर त्याचे नाव ठळक लिहिलेले आहे.

केव्हा काय करावे?

मांजर जेवले नाही किंवा जेवण उलटून पडले, तर नेहमीची पूर्ण मात्रा टोचू नये. साखर मोजावी आणि डॉक्टरांना फोन करून त्या वेळची मात्रा ठरवावी. "आज नाही दिले, उद्या पाहू" असे स्वतःच्या मनाने दिवस ढकलू नयेत. इन्सुलिन बंद पडले तर रक्तात आम्ले साचू लागतात. आपण कोणत्या परिस्थितीत किती मात्रा द्यावी, हे निरोगी दिवसांतच डॉक्टरांकडून लिहून घेऊन फ्रिजच्या दारावर लावून ठेवावे.

लटपटणे, थरथर, एकाएकी आलेली अनावर भूक, भोवंडणे, झटके: ही साखर खाली गेल्याची चिन्हे आहेत. मांजर गिळू शकत असेल तर लगेच अन्न द्यावे. ते अर्धवट शुद्धीत असेल तर चमचाभर मध किंवा ग्लुकोजचा दाट पाक हिरड्यांना बोटाने चोळावा. तोंडात काही ओतू नये आणि झटके येत असतील तर तोंडात बोटही घालू नये. साखर मोजण्यात वेळ दवडू नये. बरे वाटले तरी दवाखान्यात न्यावेच, कारण इन्सुलिनचा अंमल तासन्‌तास टिकतो.

वारंवार उलट्या, मलूलपणा, जोरजोराचा श्वास किंवा श्वासाला येणारा गोडसर वास ही आम्ले साचल्याची चिन्हे असू शकतात. ही तातडीची वेळ समजावी. दोन दिवस मल झाला नाही किंवा कुंथूनही काहीच बाहेर येत नाही, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. बोका कुंथत असेल तर त्याची लघवी होते आहे का हेही पाहावे. लघवी अडलेला बोका शौचासाठी कुंथतो आहे असेच पाहणाऱ्याला वाटते आणि लघवी अडणे काही तासांत जिवावर बेतते. स्थूल मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साचण्याचा वेगळाच धोका उभा राहतो.

या सर्वांना उपयोगी पडणारे साधन म्हणजे एक साधी वही. आमच्या वहीत रोज पाच गोष्टी लिहिल्या जातात: किती खाल्ले, किती इन्सुलिन दिले, साखर किती, मल कसा होता, आणि उलटी किंवा नवी वस्तू काही असल्यास ती. आठवड्याला वजन. साखर घरीच, कानाच्या कडेला टोचून मोजता येते. दवाखान्यात भीतीमुळे मांजराची साखर वाढलेली दिसते, म्हणून घरच्या नोंदी अधिक बोलक्या असतात. माणसांसाठीची यंत्रे मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवतात. कोणते यंत्र वापरतो ते डॉक्टरांना सांगून ठेवावे.

सोन्या आता बारा वर्षांचा आहे. त्याच्या अन्नात पाणी अधिक मिसळतो, घरात तीन ठिकाणी पाण्याची भांडी ठेवली आहेत, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली पूड दुपारच्या घासातून जाते. इसबगोलाचा डबा पुन्हा वडिलांचा झाला. सकाळी आठला आणि रात्री आठला सिरिंज हातात घेण्यापूर्वी आई आतून विचारते, "जेवला का रे सोन्या?" वाटी रिकामी दिसली की मगच मी कुपी उघडतो.